गाड्या तापायच्या तेव्हा

मुंबई-पुणे पट्ट्यातल्या प्रत्येक मराठी घरात घाटाची एक गोष्ट असते. तपशील थोडे इकडेतिकडे, पण पटकथा सेम. गाडी कुणाकडून तरी मागून आणलेली, बहुतेक फियाट. आत सात माणसं, मांडीवर पिशव्या. मे महिना. खोपोली मागे पडली, चढ लागला आणि टेंपरेचरचा काटा सरकायला लागला. मग बॉनेटमधून वाफ. मग ‘सगळे खाली उतरा’. बाबा बॉनेट उघडून आत बघतायत (आतलं काही कळत नाही, पण बघावं लागतं). मामा चाकामागे दगड लावतायत. आईनं डबा काढलाय, कारण आपल्याकडे कुठल्याही संकटात आधी डबा निघतो. पोरं कठड्यावर चढून दरीत दगड टाकतायत आणि धपाटे खातायत.

पस्तीस-चाळीस वर्षांनी हीच गोष्ट जेवणाच्या टेबलावर सांगताना सांगणाऱ्याचा चेहरा असा काही खुलतो, की स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगतानाही तो तसा खुलत नाही. बायको शेजारी बसलेली असली तरी.

मला या प्रकाराची नेहमी गंमत वाटते. भर उन्हात गाडी बंद पडणं ही काही सुखाची गोष्ट नव्हे. त्या दिवशी त्या माणसाला कुणी विचारलं असतं, ‘काय, कसं वाटतंय?’, तर उत्तर छापण्यासारखं नसतं. मग मधल्या वर्षांत त्या वाफेचं अत्तर होतं कसं?

गेल्या मे महिन्यात याचा छडा लावायचा योग आला. पनवेलला एक मुंज होती, माझ्या मित्राच्या मावसभावाच्या मुलाची. माझा त्या घराशी काडीचा संबंध नाही. पण मित्र तिथून गाडीनं पुण्याला जाणार होता, मलाही जायचं होतं, आणि मुंजीचं जेवण सोडू नये हे माझं एक जुनं तत्त्व आहे. जेवणं उरकून साडेतीनला निघालो. मित्र ड्रायव्हिंगला, मी मागे आहेराच्या पिशव्यांबरोबर, आणि पुढच्या सीटवर मित्राचे बाबा. म्हणजे आमचे काका. वय ७२, अंगात मुंजीचा झब्बा, हातात पाण्याची बाटली. एसी लावलेल्या गाडीतसुद्धा पाण्याची बाटली हातातच धरणारी जी पिढी आहे, त्यातले.

गाडी एक्स्प्रेसवेकडे वळणार, एवढ्यात काका म्हणाले, ‘‘जुन्या रस्त्यानं घे रे.’’

‘‘बाबा, पाऊण तास तरी जास्त लागेल.’’

‘‘मग? घरी लवकर जाऊन काय दिवे लावणार आहेस?’’

पुणेरी बापाच्या या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. वळलो.

आपल्यापैकी बहुतेकांना नोकरी लागली तेव्हा एक्स्प्रेसवे होताच. २००० मध्ये त्याचा पहिला तुकडा सुरू झाला आणि २००२ मध्ये सगळा. कळंबोली ते देहूरोड, साधारण ९४ किलोमीटर, सहा पदरी. टू-व्हीलरला बंदी, बैलगाडीला बंदी, दोन्ही बाजूंना कुंपण. त्यामुळे या रस्त्यावर आपण कुठे आहोत हे गावावरून कळत नाही. बोगदा आला, टोल आला, फूड मॉल आला, एवढीच काय ती भूगोलाची पुंजी. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून सुटून जीव तोडून गाडी हाणायची, चाळीस मिनिटं वाचवायची, आणि त्यातली पंचवीस फूड मॉलवर वडापावाचं कुपन आणि टॉयलेट या दोन रांगांत खर्च करायची, असा आपला हिशोब आहे. मी हे तक्रार म्हणून सांगत नाहीये. मीही त्याच रांगेत असतो. पुढच्या माणसाला ‘बॉस, जरा पटापट’ म्हणणारा तो मीच.

जुना रस्ता वेगळ्या स्वभावाचा आहे. पळस्पे फाट्यालाच त्याचं पहिलं खाणं येतं, दत्त स्नॅक्स. तिथं काकांनी मान वळवून फक्त बघितलं. ‘‘पोट भरलंय म्हणून, नाहीतर उतरलो असतो.’’ मग शेडुंग, चौक, खालापूर. पाट्यांवर नावं, नावांखाली खरीखुरी गावं, गावात एसटीची वाट बघणारी माणसं. मधूनच बाइकवाल्यांचा एखादा ग्रुप गुडघ्यांना पॅड बांधून सुसाट जातो. त्यांना एक्स्प्रेसवेवर प्रवेश नाही, त्यामुळे वीकेंडला हा रस्ता त्यांचा.

आणि काका बोलायला लागले.

१९८५ ते १९९६, अकरा वर्षं काकांची नोकरी मुंबईत आणि घर पुण्यात होतं. दादरला एका चाळीत चौघांत मिळून खोली. शनिवारी हाफ डे. दोनला सुटायचं आणि एशियाडच्या रांगेत उभं राहायचं. नव्या वाचकांसाठी सांगतो: दिल्लीत १९८२ मध्ये एशियाड झालं, तेव्हा खेळाडूंसाठी एसटीनं निमआराम बस दिल्या होत्या. स्पर्धा संपल्या, बस परत आल्या आणि दादर-पुणे मार्गावर धावायला लागल्या. बसला ‘एशियाड’ नाव जे चिकटलं, ते पुढे एसटीनं तिचं ‘हिरकणी’ असं छान बारसं केलं तरी सुटलं नाही. आजही आमच्या घरी ‘एशियाडनं आलास का?’ असंच विचारतात. मी शिवनेरीनं आलेला असतो.

‘‘तेव्हा आम्हाला एशियाड म्हणजे विमान वाटायचं,’’ काका म्हणाले. ‘‘माझे वडील मात्र नाक मुरडायचे. म्हणायचे, साध्या गाडीत माणसं एकमेकांशी बोलायची, आता मेली पुशबॅक सीट आली आणि सगळे झोपायला लागले.’’

हे ऐकून मला एकदम बरं वाटलं. म्हणजे ‘पूर्वी मजा होती’ हा आजार वंशपरंपरागत आहे. काकांच्या वडिलांना एशियाड खटकली, काकांना एक्स्प्रेसवे. उद्या आपण नातवंडांना सांगणार, ‘अरे, फूड मॉलच्या रांगेत काय धमाल यायची!’ आणि ती पोरं आपल्याकडे, आपण आत्ता काकांकडे बघतोय तसं बघणार.

खोपोली हे गाव मला नेहमी थोडं रुसलेलं वाटतं. कारणही आहे त्याला. मुंबईहून निघालेली रेल्वे १८५६ मध्ये इथंवर आली आणि समोर सह्याद्री बघून थांबली. पलीकडे खंडाळा ते पुणे हा तुकडा १८५८ मध्ये सुरू झाला, पण मधल्या घाटाला रूळ नव्हते. मग काय करायचं? खोपोलीला गाडीतून उतरायचं, पालखीत नाहीतर तट्टावर बसायचं, घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायची. आज ओला-उबरवाला पाच मिनिटं उशिरा आला तर आपण एक स्टार देतो. पालखीच्या भोयांना साहेब किती स्टार देत असेल कोण जाणे. पुढे घाटातून रेल्वे निघाली ती कर्जतच्या अंगानं, आणि खोपोली बाजूला पडली. कर्जत-खोपोली लोकल अजून धावते. ती त्या पहिल्या लाइनचीच उरलेली शेपटी. पुढे रूळ नाहीत. गावामागच्या डोंगरावरून पाण्याचे जाडजूड पाइप उतरतात, ते टाटांच्या वीजघराचे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी इथं खाली सोडून वीज करायची आणि ती मुंबईला द्यायची, हा उद्योग १९१५ पासून चालू आहे. म्हणजे खोपोलीनं मुंबईला वीज दिली, पुण्याला वाट दिली, आणि आपण तिला काय दिलं? तर ‘खोपोली एक्झिट’ अशी एक पाटी.

रमाकांतचा वडापाव मात्र झाला. पोट भरलेलं असलं तरी. काकांनी दीड खाल्ला.

खोपोली सोडली की घाट सुरू. पहिल्या वळणांतच शिंगरोबाचं देऊळ लागतं. ब्रिटिशांना या डोंगरातून वाट सापडत नव्हती, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगरानं आपल्या गुरांची वाट त्यांना दाखवली, अशी आख्यायिका आहे. बक्षीस काय हवं असं विचारल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबानं त्याला गोळी घातली, असंही पुढं सांगतात. आजच्या भाषेत शिंगरोबा या प्रोजेक्टचा पहिला कन्सल्टंट. पेमेंटची पद्धत मात्र अशी. त्याच्यापुढे नाणं टाकल्याशिवाय घाट चढायचा नाही, ही ड्रायव्हर लोकांची रीत. बसमधून जाताना खिडकीतून खणाखण नाणी पडायची.

‘‘टाक रे नाणं,’’ काका म्हणाले.

मित्रानं पाकीट चाचपलं. तीन कार्डं, गाडीच्या काचेवर फास्टॅग, फोनमध्ये यूपीआय. नाणं एकही नाही. माझ्याकडेही नाही. दोन कमावत्या माणसांकडे मिळून देवाला द्यायला एक रुपया निघेना. शेवटी काकांनीच झब्ब्याच्या खिशातून पाचाचं नाणं काढलं, काच खाली केली आणि नेम धरून टाकलं. अकरा वर्षांची प्रॅक्टिस होती. नेम लागला.

इथून पुढचे दोन-तीन किलोमीटर म्हणजे ती सुरुवातीला सांगितलेली जागा. गाड्या इथंच तापायच्या. त्यामागं काही गूढ नाही. चढ मोठा, वळणं अवघड, पुढे लोडेड ट्रक, त्यामुळे दुसऱ्या गियरच्या वर जाता येत नाही. वेग नाही म्हणून रेडिएटरला वारा नाही, आणि इंजिन मात्र जीव खाऊन फिरतंय. मग पाणी उकळतं. त्यात शहाणे लोक पाण्याचा डबा घेऊन निघायचे, अति शहाणे लगेच रेडिएटरचं झाकण उघडायचे आणि हात भाजून घ्यायचे. अर्धा तास थांबायचं, थंड होऊ द्यायचं, हा एकच खरा उपाय. निघताना चाकामागचा दगड मात्र बरेचजण रस्त्यातच सोडून जायचे, मागून येणाऱ्यासाठी. नागरिकशास्त्र आपल्याकडे तेव्हाही वीस मार्कांचंच होतं.

‘‘मजा येत असेल ना काका?’’ मी मागून विचारलं. मला थोडं सेंटी साहित्य हवं होतं.

‘‘कसली मजा? डिझेलचा वास, शेजारचा उलटी करतोय, आणि ड्रायव्हर ओव्हरटेक करतोय वळणावर. खिडकीसाठी भांडायचो आम्ही, पण दरीकडची खिडकी नको म्हणायचो. एकदा खाली ट्रक पडलेला पाहिला. चाकं वर. त्यानंतर मी या टप्प्यात डोळे मिटूनच बसायचो.’’

माझं सेंटी साहित्य तिथंच संपलं.

एका वळणावर, झाडाच्या सावलीत, दोन बायका करवंदं घेऊन बसल्या होत्या. पानांचे द्रोण, समोर जांभळांचा छोटा ढीग, शेजारी पाण्याची कळशी. मित्रानं गाडी बाजूला घेतली. घाटातल्या ठाकर-कातकरी वाड्यांमधून बायका मे महिन्यात अशा रस्त्यावर येऊन बसतात, हे आपल्याला माहीत असतं. पण माहीत असणं आणि थांबणं यात जो काही वेळ असतो, तो आपल्याकडे नसतो. काका उतरले, पाय मोकळे केले आणि थेट मुलाखत घ्यायला लागले. किती वर्षं बसता? सकाळी किती वाजता निघता? रान किती लांब?

त्यातली थोरली बाई मला फार आवडली. करवंदं द्रोणात भरता-भरता ती म्हणाली, ‘‘माझी आय पण हितंच बसायची. तवा लय खपायचं. गाड्या तापायच्या ना. माणसं उतरायची, पोरं रडायची, मग घ्यायची करवंदं. आता गाड्या तापतच नाय.’’

असं काही ऐकलं, की एमबीए केलेल्या माणसालाही गप्प बसावं लागतं. एका वाक्यात तिनं त्या घाटाची अख्खी इकॉनॉमी सांगितली होती. आपल्या गाडीचा रेडिएटर सुधारला आणि इथलं एक गिऱ्हाईक कमी झालं. मग एक्स्प्रेसवे आला, त्याला कुंपण आलं, आणि जी गिऱ्हाइकं उरली होती ती कुंपणाच्या आतून ताशी शंभरनं जायला लागली. फूड मॉलमध्ये या बाईला टोपली घेऊन बसता येत नाही. तिथं करवंदाचं सरबत असतं, बाटलीत.

‘‘हे मोटरसायकलवाले थांबतात की,’’ मित्र म्हणाला.

‘‘थांबत्यात. फोटो काढत्यात. घेत नाय.’’

आम्ही चार द्रोण घेतले. मित्रानं भाव केला नाही, काकांनी केला. ती हसली आणि वर मूठभर जांभळं टाकली. मला वाटतं, तिला भाव न करणाऱ्यापेक्षा भाव करणारं गिऱ्हाईक जास्त ओळखीचं वाटलं असावं.

कठड्यावर बसून करवंदं खाताना काका सहज बोलल्यासारखं बोलले. १९९० च्या पावसाळ्यात शनिवारी संध्याकाळी इथं दरड आली होती आणि बस पाच तास उभी होती. घरी पोचायला रात्रीचे अडीच वाजले. रविवार अर्धा झोपेत गेला. सोमवारी पहाटे परत निघायचं, कारण डेक्कन क्वीननं गेलं तर मुंबईलाच साडेदहा वाजायचे आणि मस्टरवर लेटमार्क पडायचा.

मग मित्राकडे बघत म्हणाले, ‘‘शनिवारी मी यायचो तेव्हा तू झोपलेला. सोमवारी निघायचो तेव्हाही झोपलेला. तू लहानपणी उभा कसा दिसायचास, ते मला नीटसं आठवत नाही.’’

मित्र काही बोलला नाही. तो बीकेसीत काम करतो, बायको हिंजवडीत, फ्लॅट वाकडला, मुलगी साडेचार वर्षांची. शुक्रवारी रात्री जातो, सोमवारी पहाटे पाचला निघतो. बापाला पाच तास लागायचे, याला अडीच लागतात. आठवड्याच्या फेऱ्या मात्र दोघांच्याही तितक्याच. रस्त्यानं वाचवलेले अडीच तास नक्की कुठं जातात, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी त्या घरचा नव्हतो. करवंदाची बी थुंकली आणि गप्प बसलो.

वर चढून गेलं की जुना रस्ता आणि एक्स्प्रेसवे काही अंतर एकच होतात. डोंगरानं दोघांना वेगळी जागा दिलेली नाही. एवढा मोठा नवा रस्ता बांधला, तरी घाटात त्याला जुन्याच्या खांद्यावर हात टाकूनच चालावं लागलं. सुट्टीच्या दिवशी तुंबतं ते इथंच. म्हणून तर खोपोली ते कुसगाव, बोगदे आणि उंच पूल यांतून घाटाला बगल देणारा ‘मिसिंग लिंक’ आखला गेला. हेतू हा, की आणखी वीस-पंचवीस मिनिटं वाचावीत.

याच टप्प्यावर अमृतांजन पूल होता. ब्रिटिश काळातला दगडी पूल, आणि त्यावर डोकेदुखीच्या बामची जाहिरात. बांधणाऱ्या साहेबाचं नाव कुणाला आठवत नाही, बामचं सगळ्यांना आठवतं. त्याच्या खांबांमुळे रस्ता अरुंद व्हायचा आणि खाली हमखास ट्रॅफिक जॅम. म्हणजे जिथं डोकं दुखायचं तिथंच बामची पाटी. असं अचूक मार्केटिंग पुन्हा झालं नाही. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनमुळे रस्ता रिकामा होता, तेव्हा सुरुंग लावून तो पाडला. त्या आठवड्यात माझ्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे फोटो आणि रडवेले स्मायली होते. पाठवणाऱ्यांत एकही असा नव्हता, की ज्यानं त्या पुलाखाली अडकून पुलाच्या सात पिढ्या उद्धारल्या नव्हत्या.

याच परिसरात रेल्वेचं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. चढ एका दमात जमेना, म्हणून गाडी एका टोकापर्यंत यायची, इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावायचे आणि मग उरलेला घाट उलट्या दिशेनं चढायचा. १९२९ पर्यंत हे चाललं. हा लोहमार्ग बांधताना एका टप्प्यावर ४० हजारांहून जास्त मजूर घाटात राबत होते, आणि पटकीनं, अपघातांनी हजारो मेले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ मध्ये इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांत वारला. त्याची बायको ॲलिस बॅगा भरून परत गेली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिनं कंत्राट स्वतःकडे घेतलं, दोन इंजिनिअर नेमले आणि काम तडीला नेलं. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. इतक्या बिंदू-सिंधू, अमुक-तमुक पॉइंटांचे बोर्ड लावलेत या घाटात, पण ॲलिसबाईंच्या नावाचा एक कठडासुद्धा माझ्या बघण्यात नाही.

रेल्वेला आजही हा चढ एकट्या इंजिनानं झेपत नाही. ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर, असा तो चढ. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात आणि मागून बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लावून घेतात. आणि गाडी थांबते म्हणून फलाटावर दिवाडकरांचा वडा मिळतो. कर्जतच्या वड्याची कीर्ती गाणाऱ्या लोकांना मी एकदा विचारणार आहे, की कर्जतला चढ नसता तर तुम्ही तिथं उतरला असता का? या घाटातलं जे-जे आपल्याला प्रिय आहे, ते असं सक्तीच्या थांब्यातून आलंय. वडा बँकरमुळे, करवंदं रेडिएटरमुळे. चिक्कीचंही तसंच सांगतात, की घाटात राबणाऱ्या मजुरांच्या गूळ-दाण्यातून ती निघाली. थांबायचं की नाही, हे ज्या दिवशी आपल्या हातात आलं, त्या दिवसापासून आपण थांबायचे बंद झालो. मग आठवण कशाची काढणार? जिथं नाइलाजानं थांबलो होतो, तिथलीच.

काकांना हा सिद्धांत ऐकवला. ते म्हणाले, ‘‘तू लेखात लिही हे. गाडीत नको.’’

खंडाळ्यात गाडी शिरली तेव्हा पावणेसहा झाले होते. १९९८ मध्ये ‘गुलाम’मधल्या गाण्यानं या गावाला जे काही करून ठेवलंय, त्यातून ते अजून सावरलेलं नाही. राजमाची पॉइंटवर कणसं, भजी, माकडं आणि प्री-वेडिंगवाले. एक नवरी दरीच्या कडेला लांबलचक गाउन पसरून उभी होती आणि नवरामुलगा फोटोच्या बाहेर तिचे बूट हातात धरून उभा होता. नागफणीचं टोक धुरकट दिसत होतं. थांबलो नाही. एका दिवसात किती थांबणार?

लोणावळ्यात मात्र काकांनी चिक्कीसाठी उतरायला लावलं. लोणावळ्याच्या बाजारात एक कोडं आहे, ज्याचं उत्तर मला पंचवीस वर्षांत मिळालेलं नाही: इथलं प्रत्येक दुकान मूळ, अस्सल आणि सर्वांत जुनं कसं असू शकतं? काका मात्र ठाम पावलांनी एका दुकानात गेले, समोर ठेवलेले सगळे नमुने चाखले, चॉकलेट चिक्की, ड्रायफ्रूट चिक्की, कसलीशी स्ट्रॉबेरी चिक्की, आणि शेवटी साधी गूळ-शेंगदाण्याची पाव किलो घेतली. दुकानदाराच्या चेहऱ्यावरून वाटलं, की असं गिऱ्हाईक त्याला रोज दहा तरी भेटत असावं.

‘‘कोणासाठी?’’ मी विचारलं. काकांचे दात आता चिक्कीच्या लायकीचे राहिलेले नाहीत.

‘‘नातीला. मी शनिवारी यायचो तेव्हा याच्यासाठी घ्यायचो. उशाशी ठेवायचो. सकाळी उठल्यावर मिळायची याला.’’

‘‘मला वाटायचं, चिक्की आई आणते,’’ मित्र म्हणाला.

काका हसले, पण फार नाही.

गाडीत बसलो. मित्रानं जीपीएस बंदच ठेवलं होतं. तो म्हणाला, ‘‘आता कामशेत, वडगाव करत जुन्या रस्त्यानंच जाऊ, बाबा. तुम्हाला आवडतंय तर.’’

काकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेसहा.

‘‘ती किती वाजता झोपते?’’

‘‘साडेआठला. नऊ फार तर.’’

‘‘मग वळवणला एक्स्प्रेसवे घे,’’ काका म्हणाले, ‘‘आणि जरा हाण गाडी.’’